चोख काम, रास्त दाम

(मोटारींच्या निगेचा व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या भिवंडी परिसरातील तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

भिवंडीचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो यंत्रमागांचा खडखडाट. देशातील यंत्रमागाच्या मोठ्या केंद्रांत या शहराची गणना होते आणि येथील कित्येक पिढ्यांचे संसार सुताच्या धाग्यावर उभे राहिले. गेल्या काही दशकांत या चित्रात भर पडली. मुंबई-नाशिक महामार्गालगत माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ अशा गावांतून गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात संपली, आणि मालाची साठवण व वाटप यांचे भिवंडी हे एक प्रमुख ठाणे म्हणून अधिकच पुढे आले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन पोहोचतो. रस्ते आले, व्यापार आला, त्यांच्या पाठोपाठ मोटारीही आल्या. जेथे मोटार आली, तेथे तिची निगा राखणाऱ्या हातांना काम आले.

या कामाला बाजारात ‘डिटेलिंग’ असे नाव आहे. यंत्रमागावर वडिलांची हयात गेली, पण ज्याला मागावर उभे राहावयाचे नाही किंवा गोदामातील पाळी ज्याला मानवत नाही, अशा तरुणाला हा व्यवसाय जवळचा वाटतो. यंत्रसामग्री तुलनेने थोडी लागते, गाळा लहान चालतो, हाताला कौशल्य असले की काम मिळते. परंतु याच सोपेपणात धोकाही दडलेला आहे. शेजारच्या फलकावरचा दर पाहून त्याहून शंभर रुपये कमी लावावयाचे आणि गर्दी खेचावयाची, एवढ्याच विचाराने गाळा उघडणारा तरुण स्वतःचे भांडवल व घरच्यांचा विश्वास दोन्ही पणाला लावीत असतो. दर ठरविणे आणि काम चोख करणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक बिघडली की दुसरी बिघडतेच. म्हणून या दोहोंचा विचार एकत्रच करणे अगत्याचे आहे.

निगा म्हणजे केवळ धुणे नव्हे

मोटार धुणे आणि मोटारीची निगा राखणे यांत मोठा फरक आहे. धुण्याने वरची धूळ व चिखल जातो. निगेत रंगावर घट्ट बसलेले डांबर, ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोहकण, पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग, खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके हे सारे रंगाला इजा न करता काढावयाचे असते. आसने, छत, पायपुसणी, दारांच्या खाचा, वातानुकूलनाच्या जाळ्या यांची स्वच्छता त्यात येते. त्यानंतर आवश्यक असल्यास पॉलिश आणि शेवटी रंगावर संरक्षक थर, असा हा क्रम आहे.

या कामाचे मर्म समजावयाचे तर मोटारीचा रंग कसा घडलेला असतो हे प्रथम समजले पाहिजे. पत्र्यावर गंज रोखणारा विद्युत-प्रक्रियेने चढविलेला थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर या साऱ्या थरांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन इतकी असते, आणि त्यातील वरचा पारदर्शक थर साधारणतः ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याचा अर्थ असा की मोटारीची सारी चकाकी आणि उन्हापासूनचे संरक्षण माणसाच्या केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यावर अवलंबून असते.

पॉलिश करणे म्हणजे हाच पापुद्रा अंशतः घासून समपातळीवर आणणे होय. ओरखडा ‘भरत’ नाही. त्याच्या भोवतालचा थर किंचित उतरवला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. प्रत्येक घासणीत थोडी पुंजी खर्च होते आणि ती परत येत नाही. दर तीन महिन्यांनी ‘रबिंग’ करून देणारा कारागीर गिऱ्हाइकाला खूश करतो खरे, पण काही वर्षांत त्याच्या मोटारीचा रंग उघडा पाडतो. चांगला कारागीर प्रथम जाडी मोजण्याच्या यंत्राने प्रत्येक भाग तपासतो. आकडा दोनशेच्या पुढे गेला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगविलेला आहे असे तो समजतो. आकडा फार कमी आला तर तेथे घासण्याचे तो नाकारतो. साधे यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, हेही त्याला ठाऊक असते. मग एका कोपऱ्यात लहानशा जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ पॅड वापरून तो चाचणी घेतो, आणि तेवढ्याने भागले तर कडक पॉलिशला हातही लावीत नाही.

धुण्याची शिस्त

मोटारीच्या रंगावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चक्राकार ओरखडे बहुतांशी रस्त्यावर पडत नाहीत. ते चुकीच्या धुण्याने आणि पुसण्याने पडतात. भिवंडीत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. येथे मागावरचे टाकाऊ सूत मुबलक आणि स्वस्त मिळते. गॅरेजमध्ये तेलाचे हात पुसण्यास ते उत्तम असले, तरी त्याने मोटारीचा रंग पुसणे म्हणजे त्यात अडकलेली वाळू रंगावर फिरविणे होय. त्याऐवजी मायक्रोफायबरचे कापड वापरावयाचे असते. हे कापड पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांच्या एक डेनिअरहूनही बारीक तंतूंचे बनते. कापडाचे वजन व वीण हातात घेताच ओळखणाऱ्या भिवंडीकराला त्याची प्रत पारखणे अवघड जाऊ नये. रंगासाठी, चाकांसाठी आणि आतील भागासाठी वेगवेगळ्या रंगांची कापडे ठेवावीत. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नये.

धुताना प्रथम साबणाचा फेस चढवून मळ सैल करावा व दाबाच्या पाण्याने तो वाहून जाऊ द्यावा. त्यानंतरच हात लावावा. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि दुसरी मोजा खंगाळण्याची. धुणे वरून खाली व्हावे. चाके शेवटी धुवावीत, किंवा त्यांची बादली तरी वेगळी असावी. कूपनलिकेच्या जड पाण्याचा थेंब उन्हात वाळला की त्यातील कॅल्शियमचे क्षार रंगावर ठिपक्यांच्या रूपाने राहतात. म्हणून काम सावलीत करावे, पत्रा गरम असताना करू नये आणि पाणी वाळण्यापूर्वी टिपून घ्यावे.

आपल्याकडील सणांची रीतही या कारागिराला माहीत असावी लागते. दसऱ्याला आणि नव्या मोटारीच्या पूजेच्या वेळी बॉनेटवर हळदकुंकू वाहिले जाते, हार चिकटपट्टीने लावले जातात, नारळाचे पाणी शिंपडले जाते. हळदीचा डाग जोराने घासू नये. सौम्य साबणाने धुतल्यानंतर जो पिवळेपणा उरतो तो उन्हाने पुष्कळसा फिका पडतो, कारण हळदीतील रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही. चिकटपट्टीचा गोंद योग्य द्रावकाने मऊ करून काढावा, नखाने खरवडू नये. अशा लहान लहान गोष्टींतूनच गिऱ्हाइकाला कारागिराची पारख होते.

वचन तेवढेच द्यावे, जेवढे पाळता येईल

सध्या सिरॅमिक थराची मोठी चलती आहे. मुख्यत्वे सिलिकॉन डायऑक्साइडवर आधारलेला हा द्रव रंगावर वाळून पातळ, कठीण थर बनतो. पाणी व मळ त्यावर सहज ठरत नाहीत, धुणे सोपे होते, चकाकी टिकते. एवढे गुण पुरेसे आहेत. पण विक्रीच्या भरात ‘९ एच कठीणपणा, ओरखडा पडणारच नाही’ असे सांगितले जाते, ते खरे नव्हे. ही मोजणी शिसपेन्सिलीच्या कठीणपणाच्या श्रेणीवरील आहे, हिऱ्या-माणकांच्या श्रेणीवरील नाही. वाळूने आणि दगडाने ओरखडा पडतोच. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीवर उडालेला खडा सिरॅमिक थर रोखू शकत नाही. त्यासाठी पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म लागते आणि तिचा खर्च कितीतरी अधिक असतो.

शिवाय हा थर जे खाली असेल त्याला झाकतो. ओरखडे काढल्याविना चढविला तर ओरखडेच जतन होतात. म्हणून खरे श्रम थर लावण्याच्या आधीचे आहेत. बहुतेक उत्पादकांच्या सूचनेप्रमाणे पहिले २४ तास मोटारीला पाणी लागू द्यावयाचे नसते आणि साधारण आठवडाभर साबणाने धुवावयाची नसते. जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीत हे पथ्य पाळणे कठीण असते. ज्याच्याकडे बंदिस्त जागा नाही, त्याने त्या महिन्यांत हे काम न स्वीकारणेच श्रेयस्कर. त्या काळात आतील स्वच्छता, ओलसर पायपुसण्यांची दुर्गंधी, बुरशी, काचांवरील ठिपके अशी पावसाळी कामे पुरेशी मिळतात.

दर कसा ठरवावा

आता दराचा प्रश्न. भिवंडीत हा विषय समजावून सांगणे सोपे आहे, कारण मजुरीने कापड विणून देणाऱ्या मागवाल्याला हा हिशेब पाठ असतो. कापडातील आडव्या धाग्यांच्या, म्हणजे पिकांच्या, संख्येवर मजुरी ठरते. वीजबिल, कामगार, गाळ्याचे भाडे, सुट्या भागांची झीज ही सारी त्या पैशांतून निघाली पाहिजेत. दर त्याखाली गेला की माग जितका अधिक चालेल तितका तोटा अधिक, हे मागवाला जाणतो. मोटारीच्या निगेत पिकाची जागा तास घेतो. येथे जे विकले जाते ते मुख्यतः कुशल हाताचे तास होत.

केवळ समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. एका गाळ्यात मालक स्वतः व दोन मदतनीस काम करतात असे धरावे. महिन्याचे भाडे १८,००० रुपये, दोघांचे वेतन ३२,०००, वीज ४,०००, पाणी ३,०००, कर्जाचा हप्ता व यंत्रांची झीज ७,०००, दूरध्वनी, विमा व किरकोळ खर्च ४,०००, आणि मालकाचे स्वतःचे वेतन २२,०००. एकूण ९०,००० रुपये. यातील शेवटची रक्कम अनेकजण लिहीतच नाहीत. ‘उरेल ते आपले’ असे म्हणणाऱ्याला बहुधा काही उरत नाही.

तिघांचे मिळून २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे महिन्याला ६२४ मनुष्यतास होतात. हे सर्व तास विकले जात नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणे, साफसफाई, सामान आणणे, मोटारीची वाट पाहणे यांत पुष्कळ वेळ जातो. सहा दशांश वेळ विकला गेला असे धरले, तर सुमारे ३७५ तास हाती येतात. ९०,००० रुपयांना ३७५ तासांनी भागले म्हणजे २४० रुपये हा एका मनुष्यतासाचा खर्च निघतो.

आता एखाद्या लहान मोटारीच्या आतून-बाहेरून संपूर्ण निगेला ५ मनुष्यतास लागतात असे मानू. श्रमाचे १,२०० आणि साहित्याचे २५० मिळून खर्च १,४५० रुपये. त्यावर नफा, दुरुस्तीचा राखीव निधी व फुकट करून द्यावे लागणारे एखादे काम यांसाठी २० टक्के, म्हणजे २९० रुपये. दर आला १,७४० रुपये. शेजारी काय घेतो हे यानंतर पाहावयाचे असते, आधी नव्हे.

नऊशे नव्याण्णवचा फलक

समोरच्याने त्याच कामाला ९९९ रुपयांचा फलक लावला तर काय करावे? तोच दर लावणाऱ्याचे प्रत्येक मोटारीमागे ४५१ रुपये जातील. महिन्याला अशा वीस मोटारी झाल्या तर ९,०२० रुपये. ते कोठून येतील? भाडे, हप्ता, वेतन तर चुकवावेच लागते. ते मालकाच्या २२,००० रुपयांतून जातील आणि त्याच्या हाती १२,९८० रुपये राहतील. गाळ्याचा मालक स्वतःच्या मदतनिसाहूनही कमी मिळवू लागेल.

दुसरा मार्ग वेळ कापण्याचा. ९९९ मधून साहित्याचे २५० वजा जाता ७४९ रुपये उरतात, म्हणजे जेमतेम तीन तासांचे श्रम. पाच तासांचे काम तीन तासांत उरकावयाचे तर काय वगळले जाईल, हे उघड आहे. दुसरी बादली जाईल, डांबर काढणे जाईल, आसनाखालची सफाई जाईल, ओला मोजा तसाच पुढच्या मोटारीवर फिरेल. स्वस्त दराचे ओझे अखेरीस गिऱ्हाइकाच्या रंगावर पडते.

यावर उत्तर असे की तेच काम स्वस्त न करता लहान काम स्वच्छपणे वेगळे करून विकावे. तीन श्रेणी ठेवाव्यात. पहिली सुरक्षित धुणे व आतील झाडलोट, दुसरी संपूर्ण निगा, तिसरी पॉलिश व संरक्षक थर. प्रत्येकीत काय येते आणि काय येत नाही, हे मराठीत, हिंदीत व आवश्यक तर उर्दूत फलकावर लिहावे. हजार रुपयांतच काम हवे असणाऱ्याला पहिली श्रेणी द्यावी आणि ती चोख करावी. मंगळवार-बुधवारी गाळा रिकामा असेल, तर त्या दिवशी येणाऱ्यास थोडी सूट देण्यास हरकत नाही, कारण तो तास एरवी वाया जाणारच होता. पण रविवारचा भरलेला तास स्वस्तात विकू नये.

दर मोटारीच्या आकारावर ठरतो तसाच तिच्या अवस्थेवरही ठरतो. एकाच बनावटीच्या दोन मोटारींपैकी एक जपलेली असेल, दुसरी सिमेंटच्या गोदामाबाहेर वर्षभर उभी असेल. म्हणून दूरध्वनीवर पक्का दर सांगू नये. ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत, मोटार पाहून’ असे सांगावे. आप्तस्वकीयांना किती सूट द्यावयाची, तेही आधीच ठरवून ठेवावे. मामेभावाची मोटार फुकट चमकविणे प्रेमाचे असेल, पण महिन्यातून चार मामेभाऊ आले तर वीस तास गेले, म्हणजे ४,८०० रुपये.

आणखी एक गोष्ट. सुरुवातीच्या महिन्यांत ३७५ तास विकले जाणार नाहीत. २५० तासच गेले, तर खर्च तासाला ३६० रुपये पडतो. गिऱ्हाईक तो देणार नाही. २४० च्या दराने श्रमाचे ६०,००० रुपये येतील आणि महिन्याला सुमारे ३०,००० कमी पडतील. सहा महिने असेच गेले तर १,८०,००० रुपये. भांडवलाचा अंदाज बांधताना यंत्रांच्या किमतीसोबत ही रक्कमही धरली पाहिजे, अथवा एका मदतनिसापासून आरंभ करून खर्च आटोक्यात ठेवला पाहिजे. काम वाईट होते म्हणून बंद पडणाऱ्या गाळ्यांप्रमाणेच ही तूट न धरल्याने बंद पडणारे गाळेही असतात.

लेखी कागद आणि विश्वास

मोटार ताब्यात घेताना कामाचा कागद लिहून घ्यावा. मोटारीचा क्रमांक, चाललेले किलोमीटर, आधीपासून असलेले ओरखडे व पोचे, आतील वस्तू, ठरलेले काम, ठरलेला दर आणि परत देण्याची वेळ एवढे त्यात असावे. छायाचित्रे काढावीत आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी. जो ओरखडा जाणार नाही तो आधीच बोट ठेवून दाखवावा. आधी सांगितले तर तो सल्ला ठरतो, नंतर सांगितले तर सबब वाटते. काम वाढल्यास दर वाढविण्यापूर्वी विचारावे. मोटार परत देताना दिव्याच्या उजेडात ती गिऱ्हाइकासोबत फिरून पाहावी.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल गिऱ्हाईक जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकते. अवास्तव हमी लिहून देणाऱ्याला तीच हमी पुढे अडचणीत आणते. हमीपत्रात मुदत, अटी व मधली तपासणी स्पष्ट लिहावी. मोटार गाळ्यात असताना होणाऱ्या नुकसानीसाठी विमा कसा घेता येतो, तेही समजून घ्यावे. परवाना नसलेल्या मदतनिसाच्या हाती किल्ली कधीही देऊ नये.

गोदामे, वाहतूक कंपन्या व भाड्याच्या मोटारी चालविणारे यांची कामे मिळाली तर गाळ्याचे रिकामे तास भरतात. मात्र तेथे उधारी असते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने घातले आहे. विलंब झाल्यास व्याजाची तरतूदही त्यात आहे. उद्यम नोंदणी विनाशुल्क असते. ती काम स्वीकारण्यापूर्वीच करून घ्यावी.

कामगार आणि नदी

चकाकीच्या मागे माणसांचे हात असतात. अलॉय चाके झटपट उजळविणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते कातडीवर पडले तर प्रथम वेदना होत नाही, पण खोलवर इजा होते आणि ती प्राणघातकही ठरू शकते. असे द्रव गाळ्यात आणूच नयेत. पॉलिशची धूळ व संरक्षक थराची वाफ यांपासून बचावासाठी मुखपट, हातमोजे व खेळती हवा हवी. पाणी आणि वीज एकत्र येणाऱ्या या जागी भूसंपर्क आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असणे अत्यावश्यक आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, हे कोणीही विसरू नये.

धुण्याचे पाणी जाते कोठे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. तेल, वंगण व साबण मिसळलेले पाणी उघड्या गटारातून अखेर कामवारीच्या पात्राकडे जाते. सांडपाण्यात तेल व वंगण यांचे प्रमाण नदीनाल्यात सोडताना लिटरला १० मिलिग्रॅम आणि सार्वजनिक मलवाहिनीत सोडताना २० मिलिग्रॅम याहून अधिक असू नये, असे पर्यावरण नियमांतील सर्वसाधारण प्रमाण आहे. गाळ बसण्याची टाकी व तेल अडविणारा कप्पा बांधण्यास फारसा खर्च येत नाही. जागा निश्चित करण्यापूर्वीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व स्थानिक संस्थेकडे परवानगीसंबंधी चौकशी करावी.

भांडवल व नोंदणी

भांडवलासाठी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत तारणाविना कर्ज मिळते. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत अशा त्याच्या पायऱ्या आहेत. ‘तरुण’ कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतची पायरी जोडण्यात आली. राज्य शासनाने २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला. त्याच्या अटींची माहिती ठाणे येथील जिल्हा उद्योग केंद्रात घ्यावी. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते आणि या सेवेवर १८ टक्के कर लागतो. १,७४० रुपयांच्या कामाचे मग सुमारे २,०५३ रुपये होतात. तेव्हा कर दरात धरलेला आहे की वेगळा, हे फलकावर आरंभापासूनच लिहिलेले बरे.

मित्रहो, कर्ज घेऊन गाळा उघडणारा तरुण एकटा नसतो. त्याच्या सहीखाली आईचे दागिने असतात, वडिलांनी मागावर उभे राहून साठविलेली पुंजी असते, दोन मदतनिसांचे घर असते. या सर्वांचे रक्षण रास्त दर करतो आणि रास्त दराचे रक्षण चोख काम करते. प्रत्येक कामाला किती तास लागले, किती साहित्य गेले आणि हाती काय राहिले, याची एक वही पहिल्या मोटारीपासून ठेवावी. तीन महिन्यांनी ती उघडून दर पुन्हा तपासावा. ज्याची वही खरी, त्याला आपला दर गिऱ्हाइकासमोर मान वर करून सांगता येतो. भिवंडीच्या कापडाने बाजारात नाव मिळविले ते विणकराच्या हातामुळे. मोटारींच्या निगेतही या शहराच्या हातांना तसे नाव मिळावे, हीच अपेक्षा.